पन्नास पावलांवरची कचेरी

अण्णासाहेब चिंचोळकर वकिलांचं नाव निघालं की पुसदेत जुने लोक आजही हात जोडतात, आणि माझं डोकं फिरतं. जोडा बाप्पा, जोडा. मी काही कोणाचे हात धरत नाही. त्यांच्यासारखा दिवाणी वकील आमच्या तालुक्यात झाला नाही, हे मीही शपथेवर सांगीन. पण शपथ घेतली की मग सगळंच सांगावं लागतं, आणि सगळं सांगायला बसलो की मला त्यांचा राग येतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो.

मी वकिलीला लागलो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. मग राज्यांची वाटणी झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि कोणता कायदा चालू नि कोणता बंद यावर बाररूममध्ये रोज भांडणं व्हायला लागली. बाररूम म्हणजे टिनाची एक खोली. एका अंगाला दिवाणी कोर्ट, दुसऱ्या अंगाला एसडीओ साहेबांची कचेरी, मधे कडुनिंब. कोर्टाच्या पायरीपासून कचेरीच्या पायरीपर्यंत पन्नास पावलं. मी मोजलेली आहेत, तीही चिडून.

अण्णासाहेब उंच, वाळलेले. मे महिन्यातही काळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पुसदचा मे! आम्ही कोट खुंटीला टांगून बनियनवर येऊ की काय अशा अवस्थेत, आणि हे आपले ताठ बसून पेन्सिलीला टोक काढतायत. फायली लाल नाडीनं बांधायचे. ती गाठ त्यांच्याशिवाय कोणाला सुटत नसे. एकदा कोर्टाच्या कारकुनानं वैतागून नाडी ब्लेडनं कापली, तर अण्णासाहेब महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर ठेवायचे. तो समोर बसलेला असायचा.

दुपारी काम नसलं की बाररूमच्या दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांची प्रतवारी करत. "वकील ही एक जात नाही, गोविंदराव," मला म्हणायचे. "तो पाहा फौजदारीवाला. त्याला आजच्या आज आवाज लागतो. अशील कोठडीत, बायको दारात रडतेय, त्याला पुढची तारीख परवडत नाही. म्हणून तो ओरडतो. त्याला दोष देऊ नका." सरकारी वकिलाविषयी म्हणायचे की त्या बिचाऱ्याला पोलिसांनी जे लिहून आणलं तेच गोड मानून खावं लागतं. नागपूरहून मोठ्या अपिलातला कोणी वकील मोटारीनं आला की यांना विशेष चेव येई. "उतरेल, चहा पिईल, मग हळूच विचारील, आपण वादी की प्रतिवादी?" कडुनिंबाखाली पेटीवर कागद ठेवून बसणाऱ्या अर्जनवीसाला मात्र ते मान देत. तो वकील नव्हता, पण आम्ही तीन पानांत घालायचो ते तो सहा ओळींत बसवायचा.

एकदा मी विचारलं, "आणि मी कोणत्या जातीचा?"

"तुम्ही?" पेन्सिलीचं टोक फुंकरीनं साफ करत ते म्हणाले, "तुम्ही किराणा दुकान. मीठही आहे, घासलेटही आहे."

बाररूम खो खो हसली. मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी मिळेल ते काम घेत होतो. सकाळी जामीन, दुपारी फेरफार, संध्याकाळी सोडचिठ्ठी. त्यांनी मात्र तीस वर्षं दिवाणीशिवाय कशाला हात लावला नव्हता. दुसऱ्या प्रकारचं काम आलं की एक चिठ्ठी लिहायची आणि अशिलाला त्या त्या वकिलाकडं पाठवायचं. आमच्या बारमध्ये ती रीतच पडली होती, आणि त्यांच्या चिठ्ठीला कोणी नाही म्हणत नसे.

महागावच्या वाटेवरच्या तांड्याचा नाईक एकदा डोक्याला फडकं बांधून आला. फडकं लाल झालेलं, रक्त भुवईवर ओघळतंय. "वकीलसाब, डोस्कं फोडलं जी मायं!"

अण्णासाहेबांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?"

"धुऱ्यावरून जी! माया धुरा कोरून राह्यला तो हरामखोर!" धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध.

"बसा." आणि चिठ्ठी लिहायला लागले. मी वाकून वाचली. फौजदारीच्या वकिलांना लिहिलं होतं, "डोक्यापुरते आपण पाहावे. धुरा माझ्याकडे आहे." नाईक ती चिठ्ठी घेऊन, रक्त पुसत, सगळं आवार ओलांडून गेला. आम्ही हसून हसून बेजार झालो. अण्णासाहेबांना हसण्यासारखं काय झालं तेच कळेना. पुढं तो धुरा त्यांनी जिंकून दिला, ही गोष्ट वेगळी. डोकं तोवर केव्हाच बरं झालं होतं.

त्यांचं काम पाहायला मिळालं तर मात्र आम्ही आपली कामं टाकून कोर्टात मागं जाऊन उभे राहायचो. एका ओसरीच्या दाव्यात त्यांनी दीड वर्ष एक कागद दाबून ठेवला होता. समोरचा गृहस्थ म्हणत होता, ओसरी बापाच्या काळची. अण्णासाहेबांनी उलटतपासणीत मऊ आवाजात विचारलं, "बापाच्या काळची ना?" तो म्हणाला, हो. मग पिकापाण्याचं विचारलं, मुलीच्या लग्नाचं विचारलं, पुन्हा ओसरीवर आले. तो पुन्हा हो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडून ओरडला, "किती डाव सांगू, बापाच्या काळची हाय!" तेव्हा यांनी लाल नाडी सोडली. आत त्या गृहस्थाचा स्वतःच्या सहीचा अर्ज होता, ओसरी बांधायची परवानगी द्या म्हणून नगरपालिकेला केलेला, चारच वर्षांपूर्वीचा. साक्षीदाराला घाम फुटला, त्याचा वकील खाली बसला, आणि जज्जसाहेबांनी लेखणी ठेवून दिली.

"कागद पहिल्या दिवशी दाखवला असता तर त्यानं दुसरी गोष्ट रचली असती," अण्णासाहेब नंतर म्हणाले. "तीनदा बोलू द्यावं. वेळ आली की काढावा. घाई हा फौजदारी रोग आहे." मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, काय बोलावं! हाच कागद दाबायचा हात पुढं एका गरीब माणसाच्या गळ्याशी जाईल असं तेव्हा कोणाला वाटलं होतं?

तो माणूस म्हणजे यासीन मिस्त्री. गुजरीच्या, म्हणजे बाजाराच्या, तोंडाशी त्याचं दुकान होतं, बापाच्या वेळेपासून भाड्याचं. आत लोखंड कातायची लेथ मशीन, जमिनीत पाया करून बोल्टांनी बसवलेली, तेलाच्या इंजिनवर पट्ट्यानं चालणारी. जिनिंगवाल्यांचे झिजलेले दांडे, मळणीयंत्राची चाकं, मोटेच्या विहिरीवर नवीन आलेली इंजिनं, सगळं त्याच्याकडं यायचं. बाजाराच्या दिवशी गाडी थेट दारात लागायची, सामान उतरायचं, दुसऱ्या बाजाराला दुरुस्त होऊन चढायचं. ती जागा होती म्हणून तो मिस्त्री होता.

घरमालक शेठनं त्याला काढायचं ठरवलं. आता आमच्याकडं तेव्हा कायदा असा होता की भाडेकरूला नुसती नोटीस देऊन काढता येत नसे. आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, आणि रेंट कंट्रोलर म्हणजे एसडीओ साहेब, म्हणजे ती पन्नास पावलांवरची कचेरी. शेठनं अर्ज केला की मला स्वतःच्या धंद्याला जागा पाहिजे आणि गावात माझी दुसरी जागा नाही.

यासीन आला तो अण्णासाहेबांकडं. त्याच्या बापाची एक केस त्यांनी कधीतरी जिंकली होती. अण्णासाहेबांनी अर्ज वाचला आणि दोन दिवस सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन जुनी बुकं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी यासीनकडून अर्ज करवून एका खरेदीखताची नक्कल काढली. शेठनं वर्षापूर्वीच बसस्टँडच्या रस्त्याला एक पक्कं दुकान विकत घेतलं होतं, स्वतःच्या नावानं, आणि ते रिकामं होतं. झालं! शेठचा अर्ज मुळातच खोटा. तो एक कागद एसडीओपुढं टाकला की प्रकरण पाच मिनिटांत खलास. मी खुर्चीतून उठलोच. "अण्णासाहेब, मारलं मैदान!"

त्यांनी नक्कल फाईलमध्ये ठेवली, नाडी बांधली आणि पेन्सिल हातात घेतली. सखारामजी मुखत्याराला चिठ्ठी लिहायला.

मुखत्यार ही जात आता गेली. कायद्याची पदवी नाही, पण जुनी परीक्षा देऊन सनद मिळवलेली. त्याला महसुलाच्या कचेरीत उभं राहता यायचं, दिवाणी कोर्टात नाही. सखारामजी धोतरावर काळा कोट घालून सायकलवर यायचे. साहेब जेवून आल्यावर अर्ज टाकावा, जेवायच्या आधी टाकू नये, हे त्यांचं कायद्याचं ज्ञान. आणि त्या कचेरीत ते माझ्या पदवीपेक्षा जास्त चालायचं.

अण्णासाहेब स्वतः का जात नाहीत, हे सगळ्या बारला ठाऊक होतं. पूर्वी एकदा ते एका डेप्युटी कलेक्टरपुढं गेले होते, साहेबांचा मुक्काम दौऱ्यावर, आंब्याखाली तंबू. साहेब न्हाव्यापुढं दाढीला बसलेले. तोंडाला साबण तसाच ठेवून म्हणाले, "बोला वकीलसाहेब, मी ऐकतोय." अण्णासाहेब नमस्कार करून परत फिरले ते महसुलाच्या कोणत्याही कचेरीची पायरी पुन्हा चढले नाहीत. "ते कोर्ट नव्हे," म्हणायचे. झाला असेल अपमान. माझाही झालाय, पन्नासदा झालाय. म्हणून काय अशिलाला वाऱ्यावर सोडायचं?

सखारामजी चिठ्ठी घेऊन आले, म्हणाले, "उभा राहतो मी, पण कागद द्या ना वकीलसाहेब. मी काय हात हालवत जाऊ साहेबापुढं?"

"तुम्ही एवढंच सांगा की अर्जातला मजकूर कबूल नाही. कागदाची वेळ आलेली नाही."

"कधी येईन मंग वेळ?"

"दावा कोर्टात आला की."

सखारामजींनी माझ्याकडं पाहिलं. मी यासीनला बाहेर नेलं, निंबाखाली उभं करून सांगितलं, "भाई, नक्कल तुमची आहे. तुमच्या अर्जावर निघालीय. आत जा, परत मागा आणि मुखत्याराला द्या. नाहीतर मला नंबर सांगा, मी दुसरी काढतो."

यासीन कानाला हात लावून म्हणाला, "असं कसं बोलता वकीलसाब? मी त्यायच्यापासून कागद मागू? बापानं सांगलतं मले, या घराले सोडजो नोको. मले यातलं काय समजते? ते म्हणतीन तसं."

तिथं मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या अशिलात तोंड घालू नये हा आमचा बारचा शिष्टाचार. शिष्टाचार! मला अण्णासाहेबांचा राग येतो तेव्हा थोडा स्वतःचाही येतो, तो या दिवसाचा.

सुनावणीच्या दिवशी मी बाररूममध्ये होतो. अण्णासाहेबांना कोर्टात काम नव्हतं. पिशवी टेबलावर, फाईल पिशवीत, हे खुर्चीत. तिकडून कचेरीचा शिपाई धावत आला. "वकीलसाहेब, साहेबांनी बोलावलं. मुखत्यार म्हणते शेठचं दुसरं दुकान हाय, अन कागद तुमच्यापाशी हाय. साहेब म्हणते घेऊन या, मी थांबतो."

साहेब थांबतो म्हणत होता! असा साहेब मिळतो का कुठं?

अण्णासाहेब म्हणाले, "साहेबांना सांग, मी कोर्टाच्या आवारात हजर आहे. त्यांना काही पाहायचं असेल तर इथं येऊ शकतात."

शिपाई बावळटासारखा माझ्याकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "अण्णासाहेब, हे काय? पन्नास पावलं आहेत!"

"अंतराचा प्रश्न नाही, गोविंदराव."

"मग मला द्या. मी पळत जाऊन दाखवून परत आणतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "वकालतनामा आहे तुमचा?"

मी तसाच निघालो, रिकाम्या हातानं, रागारागानं पावलं मोजत. एक, दोन, तीन. पन्नासावं पाऊल पायरीवर पडलं. आत शेठचा वकील फडाफडा बोलत होता, सखारामजी भिंतीला टेकून उभे होते, आणि यासीन दोन्ही हात जोडून. साहेबांनी शिपायाचा निरोप ऐकला, त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यांनी लिहायला घेतलं. परवानगी मंजूर. मी काय करणार होतो? कोणत्या नात्यानं बोलणार होतो?

अजून एक दार उघडं होतं. यवतमाळला कलेक्टरकडं अपील करायला महिना होता. त्या महिन्यात मी अण्णासाहेबांच्या घरी चार वेळा गेलो. ते झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत. मी कायद्याचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. "इथं वाचा. परवानगी एकदा पक्की झाली की दिवाणी कोर्टाला त्यात शिरता येत नाही. हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे?"

"खोटं बोलून मिळवलेली परवानगी ही परवानगीच नव्हे," ते म्हणाले. "शेठनं एकदा खोटं अर्जात लिहिलंय. आता दाव्यात लिहील. मग साक्षीत बोलेल. तीनदा, गोविंदराव. मग पाहा."

आणि खरं सांगतो, ते खूश होते. परवानगी गेली याचं त्यांना दुःख नव्हतं. शेठला आता कोर्टात, त्यांच्या कोर्टात, यावं लागणार होतं. मी पुस्तक मिटलं. त्यांच्या बायकोनं आणलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. यासीनचा संसार त्या लेथवर उभा होता, आणि हे साक्षीदार पिकायची वाट पाहत होते.

महिना गेला. नोटीस आली. दावा लागला. वर्षानं साक्षी निघाल्या. तो दिवस पाहायला अख्खी बार लोटली होती, फौजदारीवालेसुद्धा. अण्णासाहेबांनी मऊ आवाजात विचारलं, गावात तुमची दुसरी जागा नाही ना? शेठ म्हणाला, नाही. मग सरकीच्या भावाचं झालं, गिरणीचं झालं, आणि पुन्हा तेच. नाही. तिसऱ्यांदा शेठ हसून म्हणाला, "असती तर या मिस्त्र्याच्या मागं लागलो असतो काय?" तेव्हा लाल नाडी सुटली. नक्कल शेठच्या हातात गेली. त्याचं तोंड पांढरं पडलं, पाणी मागितलं त्यानं. मागं कोणीतरी "वाहवा" म्हणालं. यासीनला कळलं नाही, पण सगळे खूश दिसले म्हणून तोही हसला.

जज्ज तरुण होते, अण्णासाहेबांपुढं जरा दबूनच असत. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग म्हणाले, "हा कागद रेंट कंट्रोलरपुढं दाखवला होता?"

"नाही."

"अपिलात?"

"अपील केलं नाही."

जज्ज म्हणाले, "अण्णासाहेब, हा माणूस खोटं बोलतोय हे मला दिसतंय. पण परवानगी पक्की झालीय. ती बरोबर की चूक, हे पाहायचा अधिकार मला नाही. हे तिथं सांगायला हवं होतं." आणि त्यांनी खिडकीकडं हात केला. खिडकीतून कचेरीच्या पायऱ्या दिसत होत्या.

निकाल शेठच्या बाजूनं झाला. अण्णासाहेब यवतमाळला जिल्हा कोर्टात गेले, हरले. नागपूरला गेले. तिथल्या वकिलानं, मोटारवाल्यानं, चहा पिऊन फाईल चाळली आणि एका वाक्यात विचारलं, "आधीच्या ऑफिसात कागद का नाही टाकला?" परतीच्या प्रवासात मी बरोबर होतो. मी बोलायची संधी शोधत होतो, पण त्यांच्याकडं पाहून जीभ उचलली नाही, आणि त्याचीही मला चीड आली.

बेलिफ कब्जा घ्यायला आला तेव्हा लेथ उपटावी लागली. बापानं भरलेला पाया, बोल्ट गंजलेले, पहारी लावून चार हमालांनी उचलली. उचलताना मशीनचा बिडाचा पाय तडकला. यासीननं फक्त "या अल्ला" म्हटलं आणि तुकडा उचलून पिशवीत घातला, जोडता येईल म्हणून. तो जोडला गेला नाही. दिग्रसच्या रस्त्याला, गाव संपतं तिथं, त्यानं चार बल्ल्या रोवून टिन टाकलं. लेथ ताडपत्रीखाली. जिनिंगवाले तिकडं कशाला जातील? गुजरीत दुसरा मिस्त्री आला होता. यासीन स्टोव्ह दुरुस्त करायला लागला, बादल्यांची बुडं बसवायला लागला.

अण्णासाहेब कोर्टात यायचे, पण नवीन काम घेत नसत. कोणी आलं की चिठ्ठी लिहायचे, दिवाणीसाठीसुद्धा. माझ्या नावानं पहिली चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं चूक झाली असेल. चूक नव्हती.

मग एक दिवस सकाळीच माझ्या दारात उभे. कोट, बटणं, काखेत ती फाईल. "गोविंदराव, माझ्याबरोबर यासीनकडे चला." का ते सांगितलं नाही. आम्ही उन्हातून चालत गेलो. यासीन स्टोव्हची पिन साफ करत होता. आम्हाला पाहून धडपडत उठला, एकच खुर्ची होती ती फडक्यानं पुसली, मला पेटी दिली, समोरच्या टपरीतून चहा मागवला.

अण्णासाहेब बसले नाहीत. नाडी सोडली, नक्कल काढून त्याच्या हातात दिली.

"यासीन, ऐक. हा कागद माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होता. एसडीओनं मागितला, मी दिला नाही. दिला असता तर तुझं दुकान गेलं नसतं. शेठनं नाही घालवलं, जज्जानं नाही घालवलं. मी घालवलं. हे तुला माहीत असायला पाहिजे."

एवढं सलग ते कोर्टाबाहेर कधी बोलले नव्हते. माझा सगळा राग क्षणभर कुठं गेला कोण जाणे.

यासीन कागदाकडं पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. मग त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कायले असं बोलून राह्यले वकीलसाब? माह्याकरता नागपूरपर्यंत गेले तुमी. कोण जाते आमच्यासाठी? नसीबच खोटं होतं मायं. तुमी आपल्यावर कायले घेता?"

"नसीब नाही! मी सांगतोय ना, मी..." त्यांचा आवाज चढला. उभ्या जन्मात मी तो चढलेला ऐकला नव्हता. "गोविंदराव, तुम्ही सांगा याला. तुम्ही होता तिथं. तुम्ही मला सांगितलं होतं. सांगा!"

यासीन माझ्याकडं वळला. तीन वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते खरं होतं. पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं. लेथ गेली, जागा गेली, गिऱ्हाईक गेलं. या घरानं आपल्यासाठी जिवाचं रान केलं, एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं. ते कोणाच्या हातानं काढून घ्यायचं?

मी म्हटलं, "जज्जाची चूक झाली, भाई."

"म्हंतलं ना मी!" यासीन अण्णासाहेबांना म्हणाला, आणि डोळे पुसून हसला. "बसा ना जी. चहा थंडा होऊन राह्यला."

अण्णासाहेब माझ्याकडं पाहत होते. मग त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं, आणि रस्त्याला लागले. गावाकडं नाही, उलट्या बाजूला. सरकीच्या गाड्या येत होत्या, त्यांच्यामधून ते तसेच चालले होते, गाडीवान ओरडत होते तरी बाजूला न होता.

"गोविंदरावसाब," यासीन म्हणाला, "त्यायची तबियत बरी दिसत नाई. जा ना, घरी पोचवून द्या त्यायले."

ते फार तर पन्नास पावलं गेले असतील. मी पेटीवरून उठलो नाही.